दाराबाहेरचा चेहरा

सुरुवात एका दारापासून करते.

स्कॉटलंडच्या उत्तरेला भर समुद्रात शेटलंडची बेटं आहेत. १९४९ साली तिथल्या एका बेटावर सत्तावीस वर्षांचा एक तरुण राहायला गेला. जन्म कॅनडातला, समाजशास्त्राचं शिक्षण शिकागो विद्यापीठात चाललेलं, नाव अर्व्हिंग गॉफमन. ‘बेटावरच्या शेतीचं अर्थकारण बघायला आलोय,’ असं त्याने लोकांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात लोक एकमेकांना भेटतात कसे, हे तो बघत होता.

तिथल्या घरांची एक गंमत त्याला दिसली. घराबाहेर सगळं उघडं, कसला आडोसा नाही. घरात मात्र अंधार. त्यामुळे चहाला येणारा शेजारी लांबूनच आतल्यांना दिसायचा, पण आतले त्याला दिसायचे नाहीत. आतल्यांना मग आयती करमणूक मिळायची. हा माणूस आपल्याच तंद्रीत, जो काही चेहरा असेल तो घेऊन चालत येतोय. दार जवळ आलं की तो चेहरा उतरतो आणि त्या जागी भेटीचा चेहरा चढतो. किंचित हसरा, ‘तुम्हाला बघून बरं वाटलं’ असं सांगणारा. मग दार उघडतं.

हा प्रसंग मी वर्गात सांगते तेव्हा कोणीतरी हमखास म्हणतं, ‘म्हणजे ढोंगच की!’ ढोंग हा शब्द मला इथे पटत नाही. का पटत नाही, हे सांगण्यासाठी आजचा तासभर मागून घेतला आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

माणसाची कृती ‘सामाजिक’ कधी होते, हा प्रश्न मॅक्स वेबर या जर्मन अभ्यासकाने अगदी नेटकेपणाने मांडला. वेबर १९२० मध्ये गेला. ज्यात ही मांडणी आहे तो मोठा ग्रंथ त्याच्या पश्चात बाहेर आला. तो म्हणतो, पाऊस आला आणि रस्त्यावरच्या शंभर जणांनी एकदम छत्र्या उघडल्या, तर ती सामाजिक कृती नव्हे. शंभर जणांनी एकच गोष्ट केली खरी, पण प्रत्येकाने ती पावसाकडे बघून केली, दुसऱ्याकडे बघून नाही. त्याचं दुसरं उदाहरण दोन सायकलस्वारांचं आहे. दोघांची टक्कर झाली, तर नुसती टक्कर ही दरड कोसळण्यासारखी घटना. पण टक्कर टाळायला त्यांनी केलेली धडपड, नंतरची शिवीगाळ, मारामारी किंवा ‘लागलं नाही ना?’ अशी विचारपूस, हे सगळं सामाजिक. कारण त्यात दुसऱ्याच्या वागण्याचा हिशेब धरलेला आहे.

त्यामुळे वेबरच्या लेखी कृती बाहेरून मोजून भागत नाही, तिचा करणाऱ्याच्या मनातला अर्थ समजून घ्यावा लागतो. एक माणूस लाकडं फोडतोय. तो मजुरीसाठी फोडतोय, स्वतःच्या चुलीसाठी, व्यायाम म्हणून, की कोणावरचा राग लाकडावर काढतोय? कुऱ्हाड तीच, घाव तोच.

कृतीचे चार प्रकार त्याने केले, तेवढे भरभर सांगते. समजा, एक माणूस खरं बोलला. खोटं उघडं पडेल आणि नुकसान होईल असा हिशेब करून बोलला, तर ती साधन आणि साध्य यांचं गणित मांडणारी कृती. काहीही होवो, खरं ते खरंच, म्हणून बोलला, तर मूल्यनिष्ठ. संतापाच्या भरात तोंडातून खरं निसटलं, तर भावनिक. आणि आजवर कधी खोटं बोललाच नाही, सवयच नाही, म्हणून बोलला, तर परंपरागत. प्रत्यक्षात या चौघी एकीच्या पदरात एक गुंतलेल्या असतात. वेबरला ते माहीत होतं, त्याने त्या मोजपट्ट्या म्हणूनच आखल्या. पुढच्या काळात काहींनी यातली पहिली पट्टी तेवढी उचलली आणि माणूस प्रत्येक पावलाला नफा-तोटा तोलतो असं गृहीत धरून सबंध समाजाचं गणित मांडायला घेतलं. त्या गणिताने काही प्रश्न चांगले सुटतात. पण मघाचा शेटलंडचा पाहुणा दारात चेहरा बदलतो, तेव्हा तो नेमका कसला नफा पदरात पाडून घेतो, हे मला त्या गणितातून कधी कळलेलं नाही.

वेबरबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्याचा माणूस दुसऱ्याकडे बघून वागतो हे ठीक. पण तो दुसराही त्याच क्षणी याच्याकडे बघत असतो, त्याचं काय?

अरुंद वाटेवर समोरून कोणी येतं. तुम्ही डावीकडे सरकता, तेही त्याच बाजूला सरकतं. तुम्ही उजवीकडे, तेही तिकडेच. दोन-तीनदा असं झालं की दोघं थांबता, आणि दोघंही हसता. टॅलकॉट पार्सन्स हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये या पेचाला ‘दुहेरी अनिश्चितता’ म्हटलं. मी काय करायचं ते तू काय करशील यावर, आणि तू काय करायचं ते मी काय करीन यावर अवलंबून. मग वाट सुटायची कशी? पार्सन्सचं उत्तर असं, की दोघांनी लहानपणापासून एकच नियम अंगी मुरवलेले असतात. उत्तर चुकीचं नाही. ‘डाव्या बाजूने चला’ हा नियम असू शकतो. पण ते हसू कुठल्या नियमात बसतं? ‘तिसऱ्यांदा अडल्यास दोघांनी हसावे’ असं कोणी कोणाला शिकवलेलं नसतं. आणि तरी ते हसू येतं, दोघांना एकाच वेळी येतं, आणि फार मोठं काम करून जातं. ‘मी तुझी वाट अडवत नव्हतो, तूही माझी अडवत नव्हतास, आपण दोघं जरा वेंधळे ठरलो, एवढंच’ हे सगळं त्यात येतं. अर्ध्या सेकंदात दोन अनोळखी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात.

‘सांभाळून घेणं’ हे शब्द लक्षात ठेवा. मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

दुसरा माणूस आपल्या डोक्यात शिरतो कसा, याचं उत्तर जॉर्ज हर्बर्ट मीड या अमेरिकन विचारवंताने दिलं. (मीड १९३१ मध्ये वारला. त्याचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक १९३४ मध्ये निघालं, तेही श्रोत्यांनी घेतलेल्या त्याच्या व्याख्यानांच्या टिपणांवरून. म्हणून मागच्या रांगेत लिहून घेणाऱ्यांकडे मी जरा धास्तीनेच बघते.) दोन वर्षांचं मूल लपाछपीत काय करतं ते आठवा. खोलीच्या मधोमध उभं राहतं आणि स्वतःचे डोळे झाकून घेतं. मला दिसत नाही, म्हणजे मी दिसत नाही! शोधणाऱ्याच्या जागी उभं राहून स्वतःकडे बघणं त्याला अजून जमत नाही. मीडच्या मते ते जमू लागणं म्हणजेच ‘मी’ तयार होणं. आधी मूल एकेका माणसाची भूमिका करून बघतं, कधी आई, कधी डॉक्टर. नंतर नियमांच्या सांघिक खेळात शिरतं, तेव्हा त्याला एकाच वेळी सगळ्यांच्या जागा डोक्यात धराव्या लागतात. चेंडू आपल्याकडे आला तर बाकीचे सगळे आपल्याकडून काय अपेक्षा करतील, हे त्याला कळावं लागतं. या ‘सगळ्यां’ना मीडने ‘सामान्यीकृत इतर’ म्हटलं. मराठीत आपण याला ‘चारचौघं’ म्हणतो. ‘चारचौघांत शोभेल असं वाग,’ यातले चारचौघं मोजायला गेलं तर कधी सापडत नाहीत, आणि ते कधी घरीही जात नाहीत.

मीडचा विद्यार्थी हर्बर्ट ब्लूमर याने १९३७ मध्ये या विचाराला ‘प्रतीकात्मक आंतरक्रियावाद’ असं जडजंबाल नाव दिलं. नावामुळे विद्यार्थी बिचकतात. आतली गोष्ट साधी आहे: माणसं वस्तूंशी वागत नाहीत, वस्तूंना दिलेल्या अर्थांशी वागतात, आणि ते अर्थ एकमेकांशी वागता वागता ठरतात आणि बदलतात.

आता परत गॉफमनकडे. बेटावरच्या अभ्यासावर त्याला १९५३ मध्ये डॉक्टरेट मिळाली, आणि त्यातूनच निघालेलं दैनंदिन जीवनातल्या ‘स्व’च्या सादरीकरणावरचं पुस्तक १९५६ मध्ये एडिंबरामधून प्रसिद्ध झालं. त्यात त्याने रोजच्या जगण्याला रंगभूमीची उपमा दिली. पुढे प्रेक्षक, मागे विंग. हॉटेलच्या जेवणघरात अदबीने वाकणारा वेटर स्वयंपाकघराच्या दारातून आत गेला की त्याची पाठ, आवाज, भाषा, सगळं बदलतं. ही उपमा इतकी लोकप्रिय झाली की तिनेच गॉफमनचं नुकसान केलं असं मला वाटतं. ‘सगळं नाटक आहे’ एवढंच लोकांनी घेतलं. आल्विन गोल्डनरसारख्या टीकाकाराने १९७० मध्ये त्याच्यावर ठपका ठेवला तोही याच धर्तीचा: हे समाजशास्त्र दिखाऊपणा विकणाऱ्या मध्यमवर्गाचं आहे.

पण नाटकात एक गोष्ट असते, ती हे लोक विसरतात. नट एकटा नसतो. समोरचा नट वाक्य विसरला, तर दुसरा ते सावरून घेतो. आणि प्रेक्षकही सावरून घेतात. मिशी निखळली तरी शक्यतो न बघितल्यासारखं करतात. गॉफमनने या गोष्टीवर एक सबंध निबंध लिहिला. माणूस भेटीत स्वतःबद्दलची जी एक प्रतिमा समोर धरतो, तिला त्याने ‘चेहरा’ म्हटलं. मराठीत त्याला ‘आब’ हा शब्द जास्त जवळचा. आणि आब ही गोष्ट कोणालाच एकट्याला राखता येत नाही. माझा आब तुमच्या हातात असतो, तुमचा माझ्या.

म्हणून मला त्या दारातला पाहुणा ढोंगी वाटत नाही. त्याचा वाटेवरचा चेहरा कदाचित कंटाळलेला असेल, दमलेला असेल, कालच्या भांडणाचा असेल. तो तसाच आत नेला, तर आतल्यांना त्या चेहऱ्याचं काहीतरी करावं लागेल. आपण नकोसे झालो का, काही चुकलं का, विचारावं की विचारू नये? पाहुणा ते ओझं दाराबाहेर ठेवतो. हसू त्याच्या स्वतःच्या शोभेसाठी थोडंच असतं, बरंचसं यजमानासाठी असतं.

यासाठी मराठीत आणखी एक शब्द आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो: भीड. शब्दकोशात भीतीच्या शेजारी बसतो, पण भीती नव्हे. वाघाची भीती वाटते, वाघाची भीड वाटत नाही. भीड माणसाचीच वाटते. ‘मला भीड पडली’, ‘भिडेखातर हो म्हटलं’, ‘हळूहळू भीड चेपली’. ही वाक्यं नीट ऐका. भीड एकट्या माणसात नांदत नाही, ती दोघांच्या मधे असते. खोलीत एकट्या बसलेल्या माणसाला भीड कुठली? ज्याला आपण व्यक्तीचा स्वभाव समजतो, भिडस्त किंवा निर्भीड, तो खरं तर दोघांमधल्या जागेचा गुण असतो. आईशी फटकन बोलणारा मुलगा मास्तरांपुढे मिठाची गुळणी धरतो. गॉफमनचं एक वाक्य याच अर्थाचं आहे. आधी माणसं आणि मग त्यांचे क्षण असं बघू नका, तो म्हणतो. क्षण बघा, आणि मग त्या क्षणांतली माणसं.

लिफ्टचं उदाहरण घेऊ. एक जण आत आहे, दुसरा येतो. एक ओझरती नजर जाते, अर्धा सेकंद, कदाचित मानेची हालचाल. मग दोघंही दाराकडे तोंड करतात आणि मजल्यांचे आकडे असे वाचू लागतात जणू त्यात काही बातमी आहे. या ओझरत्या नजरेला आणि नंतर नजर काढून घेण्याला गॉफमनने १९६३ मध्ये ‘सभ्य दुर्लक्ष’ असं नाव दिलं. दोन्ही हालचाली लागतात. नजर टाकलीच नाही, तर समोरच्याला वस्तू ठरवल्यासारखं होतं. टाकलेली काढलीच नाही, तर तो धाक होतो. मी एकदा मुद्दाम दाराकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिले. काही बोलले नाही, हातवारे केले नाहीत. दोन मजले तग धरला. तिसऱ्यावर माझा नव्हता तो मजला आला, तिथेच उतरले आणि उरलेले जिने चढून गेले.

गॉफमनने शेवटपर्यंत एकच आग्रह धरला: माणसं समोरासमोर येतात तिथे एक स्वतंत्र व्यवस्था असते, आणि ती व्यक्तीच्या मनातूनही पुरती काढता येत नाही, समाजाच्या मोठ्या चौकटीतूनही नाही. १९८२ मध्ये तो अमेरिकेतल्या समाजशास्त्र संघटनेचा अध्यक्ष होता. या आग्रहावरच त्याने अध्यक्षीय भाषण लिहिलं, पण आजारपणामुळे ते करता आलं नाही. नोव्हेंबरात तो गेला, भाषण १९८३ मध्ये छापून आलं. समोरासमोरच्या भेटीवरचं भाषण, आणि भेट झाली नाही.

दोघांमधली ही जागा एरवी दिसत नाही. ती दिसण्यासाठी तिला धक्का द्यावा लागतो, आणि हे काम हॅरल्ड गारफिंकल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून करवून घेतलं. त्याचं पुस्तक १९६७ चं. त्यातला एक प्रसंग असा. एक बाई सांगते, काल माझ्या गाडीचं टायर पंक्चर झालं. विद्यार्थी गंभीरपणे विचारतो, ‘पंक्चर झालं म्हणजे काय?’ ती क्षणभर सुन्न होते, मग उखडते. पंक्चर म्हणजे काय म्हणजे काय? दुसरा एक जण सहज विचारतो, ‘कसा आहेस?’ विद्यार्थी म्हणतो, ‘कशाच्या बाबतीत? तब्येत, पैसा, अभ्यास, मनःशांती?’ विचारणारा लालेलाल होतो आणि म्हणतो, मी फक्त सभ्यपणे विचारत होतो, तू कसा आहेस याच्याशी मला काही देणंघेणं नाही! आणखी एक गृहपाठ होता: स्वतःच्या घरात पंधरा मिनिटं ते तासभर भाडेकरूसारखं राहायचं. अदबीने बोलायचं, विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. घरच्यांनी काय केलं असेल? कौतुक? नाही. बरं नाही का, भांडण झालं का, काय हवंय तुला, असा भडिमार. कोणी चिडलं, कोणी ओशाळलं.

इथे रागाची जात बघा. सभ्य वागण्याचा राग आला. म्हणजे लोक नियम मोडल्याबद्दल रागावत नव्हते, विश्वास मोडल्याबद्दल रागावत होते. मी अर्धं बोलते, उरलेलं अर्धं तू भरशील असं धरून चालते. प्रत्येक संभाषण असं उधारीवर चाललेलं असतं. ‘म्हणजे काय?’ विचारणारा ती उधारी नाकारतो.

आणि धक्का देणाऱ्यालाही लागतो. स्टॅन्ली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक प्रयोग केला. बसलेल्या प्रवाशापाशी जायचं आणि काहीही कारण न देता म्हणायचं, ‘मला तुमची जागा द्याल का?’ हा अभ्यास १९७८ मध्ये छापून आला. ६८ टक्के वेळा जागा मिळाली, काहींनी उठून दिली, काही सरकून बसले. पण माझ्या दृष्टीने खरी बातमी ती टक्केवारी नाही. मिलग्रामने स्वतः करून बघायचं ठरवलं तेव्हा शब्द त्याच्या घशात अडकले, बाहेर पडेनात. हुकूम मिळाला म्हणून लोक अनोळखी माणसाला विजेचे झटके देतात का, हे आज्ञापालनाच्या त्या गाजलेल्या प्रयोगात खोटे झटके वापरून बघणारा हा माणूस, आणि एका अनोळखी प्रवाशाकडे जागा मागताना त्याची वाचा गेली. शेवटी कशीबशी मागितली, जागा मिळाली, आणि बसल्यावर त्याला आपण आजारी आहोत असं दाखवावंसं वाटू लागलं. डोकं खाली गेलं, चेहरा पांढरा पडला, आणि त्याचं म्हणणं, हे नाटक नव्हतं, खरंच तसं वाटत होतं. आता भीड कुठे असते ते सांगा. त्याच्या मनात? तो तर स्वतःच प्रयोगकर्ता, त्याला सगळं माहीत होतं. माहीत असण्याचा काही उपयोग झाला नाही. देणाऱ्याचा आब राहावा म्हणून, मागण्याला काहीतरी कारण हवं म्हणून, त्याचं शरीर आपणहून आजारी पडलं.

आता अगदी जवळून बघू. १९६३-६४ च्या सुमाराला हार्वे सॅक्स हा तरुण लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात आलेल्या फोनची ध्वनिमुद्रणं ऐकत होता. कर्मचारी फोन घेताना आपलं नाव सांगत, म्हणजे ओघाने पलीकडचा त्याचं सांगे. एका फोनवर पलीकडचा म्हणाला, ‘मला ऐकू येत नाही.’ कर्मचाऱ्याने आपलं नाव पुन्हा सांगितलं. आणि त्या गडबडीत पलीकडच्याची नाव सांगायची पाळी अलगद निघून गेली. नाव सांगायला कोणी नकार दिला नाही, कोणी आग्रह धरला नाही. सॅक्सला शंका आली, हे ‘ऐकू न येणं’ म्हणजे एक काम तर नव्हे? संभाषणाच्या अभ्यासाची एक अख्खी शाखा या शंकेतून उगवली. त्याचा सहकारी इमॅन्युएल शेग्लॉफ पाचशे फोनकॉलची सुरुवात तपासत होता. उचलणारा आधी बोलतो, हा नियम ४९९ ठिकाणी बरोबर आला. एका ठिकाणी फोन उचलला गेला, शांतता पसरली आणि फोन करणारा आधी ‘हॅलो’ म्हणाला. एखाद्याने तो एक फोन अपवाद म्हणून सोडून दिला असता. शेग्लॉफने नियमच सोडला. त्याच्या लक्षात आलं की संभाषण ‘हॅलो’ने सुरू होतच नाही. घंटा ही हाक असते, ‘हॅलो’ हा ‘ओ’ असतो. हाकेला ओ मिळाली नाही, म्हणून त्या एका माणसाने पुन्हा हाक मारली. पाचशेच्या पाचशे फोन बसले. हा निबंध १९६८ चा. एका अपवादाला इतक्या आदराने वागवणारं संशोधन माझ्या वाचनात फार थोडं आहे.

आता मी बनवलेला एक संवाद ऐका. दोन मित्र फोनवर.

‘रविवारी मोकळा आहेस का?’

‘का रे?’

‘नाही, घर बदलतोय, म्हटलं सामानाला हात लावशील का.’

इथे पाऊण सेकंद शांतता.

‘अं... रविवारी ना... म्हणजे मी आलो असतो रे, पण...’

‘नाही नाही, काही हरकत नाही, बघतो मी कोणीतरी.’

पहिला प्रश्न रविवारबद्दल नाहीच, मागणीला वाट मोकळी आहे का याची ती चाचपणी आहे. दुसऱ्याला ते पक्कं कळतं, म्हणून तो हो किंवा नाही म्हणत नाही, ‘का रे?’ म्हणून पाय काठावरच ठेवतो. मग मागणी येते, तीही ‘नाही’ने सुरू होते. हा ‘नाही’ कशालाच नाकारत नाही, तो मागणीची उंची कमी करतो. आणि मग ती शांतता.

पाऊण सेकंद म्हणजे किती, तर पुष्कळ. २००९ मध्ये दहा भाषांतल्या प्रश्नोत्तरांचा एक तुलनात्मक अभ्यास आला. प्रश्न संपून उत्तर सुरू व्हायला लागणारा वेळ सरासरीने साधारण एक पंचमांश सेकंद निघाला. एखादा शब्द मनात जुळवून ओठांवर आणायला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच आपण ते कुठे संपणार हे ओळखून आपलं तयार करत असतो. या वेगात पाऊण सेकंदाचा खड्डा स्वच्छ ऐकू जातो. होकार लगेच येतात, नकार रेंगाळतात, हे त्याच अभ्यासात दिसलं. त्यामुळे आपल्या मित्राला ‘अं’ येण्याआधीच उत्तर कळलेलं आहे, आणि ‘पण’वर वाक्य अडताच तो ते उचलतो.

आता मोजा. ज्याने नकार दिला त्याने ‘नाही’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. ज्याला नकार मिळाला त्याने तो चारदा उच्चारला. नकार दोघांनी मिळून उचलला, जड सामान उचलावं तसा, एकाने एक बाजू धरून आणि दुसऱ्याने दुसरी. त्या रविवारी सामान हललं असो वा नसो, त्यांनी एकमेकांना हात लावलाच.

मी हे फार गोड करून सांगतेय असं तुम्हाला वाटत असेल, तर शंका रास्त आहे. सांभाळून घेणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. १९५५-५६ मध्ये गॉफमन वॉशिंग्टनच्या एका सरकारी मनोरुग्णालयात वर्षभर वावरला. तिथे सात हजारांवर रुग्ण होते. आत येताना त्यांचे कपडे, वस्तू, कुलूप लावायचा कप्पा, म्हणजे आब राखायची सगळी साधनं काढून घेतली जात. आणि एखादा यावर चिडला, तर त्याचं चिडणं हेच त्याच्या आजाराचं लक्षण म्हणून नोंदलं जाई. बाहेरच्या जगात अपमान झाल्यावर माणूस तोंड फिरवतो, कुत्सित हसतो, आणि थोडा तरी सावरतो. इथे ते तोंड फिरवणंही कागदावर चढत होतं. विंग नसलेला रंगमंच म्हणजे काय, ते तिथे कळतं.

दुसऱ्या टोकाला, जिथे हसूच विकत घेतलेलं असतं. आर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईने १९८३ च्या पुस्तकात विमानातल्या सेविकांच्या कामाला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. त्यातला किस्सा असा: प्रवासी सेविकेला विचारतो, तुम्ही हसत का नाही? ती म्हणते, आधी तुम्ही हसा. तो हसतो. ती म्हणते, छान, आता तसेच पंधरा तास राहा. शेटलंडच्या पाहुण्याचं हसू आणि हे हसू दिसायला एकच आहे. फरक एवढाच की पाहुण्यासाठी यजमानही हसणार असतो. इथे एकच बाजू उचलतेय. भीड कोणी कोणाची धरायची हे जिथे आधीच ठरलेलं असतं, तिथे भिडेला वेगळं नाव द्यायला हवं. वरिष्ठ तासभर उशिरा आला तर खोलीत कोणी घड्याळाकडे बघत नाही. कनिष्ठ पाच मिनिटं उशिरा आला तर सगळे बघतात. घड्याळ तेच.

थांबते. प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्याने विचारलं: त्या बेटावर खिडकीत कोणी उभंच नसेल तर?)

बरं झालं विचारलंत, कारण गॉफमनच्या त्या निरीक्षणाचा उरलेला अर्धा भाग मी अजून सांगितलेला नाही. आपल्याला आतून बघतात, हे काही पाहुण्यांच्या लक्षात आलं होतं. मग ते काय करायचे? घर अजून बरंच लांब असताना, वाटेवरच, भेटीचा चेहरा चढवून घ्यायचे आणि तो तसाच धरून दारापर्यंत चालत यायचे. खिडकीत कोणी आहे की नाही, हे त्यांना दिसत नव्हतं.